घाटातले टायर उचलायला सरकारनं पैसे का द्यायचे?

खडूस मास्तर:
परवा इथं एकानं दिवेघाटातल्या टायरांचे फोटो टाकून लिहिलं की हे उचलायला शासनानं ग्रामपंचायतींना खास निधी द्यावा. खाली नुसत्या टाळ्या. दोन दिवस गप्प बसलो, आता नाही बसवत. टायर काय आभाळातून पडले का? गाडीवाल्यानं नवा घातला, जुना दुकानातच सोडला, दुकानदारानं रात्री टेम्पो भरून घाटात लोटला आणि बिल मात्र ज्याच्या दारात सायकल आहे त्यालाही. २०२२ च्या जुलैत केंद्रानं नियम केलाय की जुन्या टायरची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांची, पहिल्या वर्षी ३५ टक्के, मग ७०, २०२४-२५ पासून १००. मग सरकारी पैसा कशाला? आणि उचलायला दर मिळतोय म्हटल्यावर टाकणारा आणि उचलणारा एकच निघेल. आमच्या तळ्यातला गाळ असाच दरवर्षी निघतो, काठावर टाकतात, पावसात परत तळ्यात, पुढल्या वर्षी परत बिल.

घाटवाट:
ते फोटो माझेच. मास्तर, नियम अर्धाच वाचलात. कंपनी टायर गोळा करत नाही हो, सर्टिफिकेट विकत घेते. प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यानं जुन्या टायरमधून परत वापरता येईल असा माल काढला की त्याला सर्टिफिकेट मिळतं, ते कंपनीनं घेतलं की पोर्टलवर तिचा कोटा पूर्ण. आता तो कारखानदार माल गोडाऊनातून उचलेल की दरीत दोर सोडून? कागदावर १०० टक्के झाले तरी ओढ्यातला टायर ओढ्यातच राहणार.

पंक्चर पंढरी:
"दुकानदारानं रात्री टेम्पो भरून" वा वा. माझं हायवेला २२ वर्षं दुकान आहे, मास्तर कधी आलात का बघायला? ट्रकचा रेडियल, म्हणजे आत तारा असलेला टायर असेल तर भंगारवाला स्वतः येतो, तारेचं वजन मिळतं त्याला. चांगला असला तर रिमोल्डला, म्हणजे वरून नवा रबर चढवायला जातो. स्कूटरचे, रिक्षाचे फाटके टायर माझ्याकडून तरी कोणी नेत नाही. गिऱ्हाईक म्हणतं ठेवा तुम्हालाच. घंटागाडीवाला म्हणतो ओला-सुका सांगा, हे तिसरंच काय. तीसेक टायर आहेत आत्ता पत्र्यामागं, या घेऊन जा.

निशिगंध:
पैसे कोणाचे यावर भांडत बसा तुम्ही. मागच्या सप्टेंबरात डेंग्यूनं माझ्या मुलीच्या प्लेटलेट १८ हजारावर आल्या होत्या. पाच दिवस दवाखान्यात, पपईच्या पानांचा रस, नवस, सगळं झालं. घरात फुलदाणीतसुद्धा पाणी नव्हतं. शेवटी मागच्या प्लॉटवर बघितलं तर झुडपात सात-आठ टायर, आतल्या कडेत पाणी आणि त्यात वळवळ. टायर उभा ठेवा नाहीतर आडवा, पाणी आत राहतंच. आणि नुसतं ओतून भागत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी आतल्या भिंतीला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहतात, पहिल्या पावसात फुटतात. मुंबईत महापालिका पावसाळ्याआधी टायर उचलते ना? तेव्हा कोणी विचारत नाही टायर कुणाचा.

काजळी:
टायर टाकतात ते एक वेळ परवडलं. आमच्या दौंडकडं या, टायर गुऱ्हाळात जाळतात. पावसात चिपाडं, म्हणजे रस काढलेला ऊस, भिजली की चुलवाणात, रस उकळायच्या भट्टीत, सर्रास टायर. दोरीवरचे कपडे सकाळी काळे, शेवग्याच्या पानावर बोट फिरवलं तर काळं. आणि तोच गूळ तुम्ही "केमिकल फ्री" म्हणून जास्त पैसे मोजून घेता.

काहिलवाला:
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आमचं तीन पिढ्यांचं गुऱ्हाळ, चिपाडाशिवाय काही घातलं नाही. बाहेरून येऊन भाड्यानं चालवणारे करतात ते. आमच्या गुळव्याला, गूळ बनवणाऱ्या कारागिराला, वास सहन होत नाही, टायर बघितला तर तो काहिल, रसाची कढई, सोडून निघून जाईल.

काजळी:
बरोबर, आणि चुलवाणाशेजारच्या टायरच्या थप्प्या काय मुलांना झोका बांधायला आणल्यात का.

काहिलवाला:
फोटो टाक. नाव घे. उगाच गावाची बदनामी करू नको, तुझ्या चुलत्याचाच ऊस जातो ना तिथं?

काजळी:
चुलत्याचं नाव इथं आणायचं कारण नाही!! गेल्याच वर्षी तक्रार दिली, साहेब बघायला आले त्या दिवशी बरोबर चिपाडं पेटलेली. आदल्या रात्री फोन गेला असणार.

खडूस मास्तर:
विषय गूळ नाहीये. २०१४ लाच हरित न्यायाधिकरणानं उघड्यावर टायर जाळायला बंदी घातलीय, तरी आंदोलन म्हटलं की पहिला टायरच पेटतो.

सातासमुद्रापार:
इकडे ओहायोत प्रत्येक नव्या टायरमागे एक डॉलर कापतात, त्यातून बेवारस ढीग उचलतात. तरी १९९९ साली सिकामोरला एका टायरच्या डोंगराला आग लागलीच, लाखो टायर जळाले.

पंक्चर पंढरी:
दादा इकडं एक रुपया कापला तरी गिऱ्हाईक माझीच गचांडी धरेल.

घाटवाट:
मास्तर, वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी-स्वच्छतेसाठीच असतो. त्यातून वर्षाला दोन फेऱ्या टेम्पो लावला तर काय आकाश कोसळतं? वजनकाट्याची पावती आणि कारखान्याची पोच असल्याशिवाय पैसे नाहीत, अशी अट घाला. तुमचा गाळवाला खेळ बंद.

खडूस मास्तर:
पावती काट्यावर बनवून मिळते, घाटवाट, तुम्ही अजून लहान आहात. पण ठीक, निशिगंधताईंच्या मुलीसारखं प्रकरण असेल तर वस्तीतले टायर आधी उचला, मग कंपनीकडून वसूल करा. वसूल करा हे ठळक वाचावं. घाटातल्यांना माझा विरोध कायम.

निशिगंध:
फार उपकार झाले.

काहिलवाला:
ए काजळी, फोटोचं काय झालं?

काजळी:
टाकतो. आधी मास्तरांनी सांगावं ते चहात कुठला गूळ घालतात.

खडूस मास्तर:
साखर.