सोज्ज्वळ प्रेमकादंबऱ्यांच्या मालिका आणि त्यांची पहिली वाक्ये

वाचनवेडी: इंग्रजीतील सोज्ज्वळ प्रेमकादंबऱ्यांच्या मालिका, ज्यांत प्रेम नजरानजरेपासून फार तर एका चुंबनापर्यंत पोहोचते, मला मनापासून आवडतात. पहिल्याच वाक्यात वाचकाला धरून ठेवणाऱ्या लेखिका कोणत्या?

पिंपळपान: आरंभ जेन ऑस्टिनपासूनच करावा लागेल. १८१३ साली प्रकाशित झालेल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे पहिले वाक्य, श्रीमंत अविवाहित पुरुषाला पत्नी हवीच असते हे जगन्मान्य सत्य असल्याचे मोठ्या गांभीर्याने सांगते, प्रत्यक्षात घाई असते ती उपवर मुलींच्या घरच्यांना, हे लगेच उमगते आणि साऱ्या कादंबरीचा खट्याळ सूर तिथेच लागतो.

निवांत: सहमत आहे, परंतु ती मालिका नव्हे. मालिकाच हवी असेल तर जॉर्जेट हेयर वाचावी. तिच्या ‘दीज ओल्ड शेड्स’मधील (१९२६) जोडप्याचा मुलगा ‘डेव्हिल्स कब’चा (१९३२) नायक होतो आणि ‘ॲन इन्फेमस आर्मी’त (१९३७) त्याची नात वॉटर्लूच्या लढाईच्या धामधुमीत भेटते. प्रणय मर्यादेत राहतो, संवाद धारदार आहेत. नायकांचा तोरा मात्र सोसावा लागतो.

वाचनवेडी: आभारी आहे. तिन्ही पुस्तके क्रमानेच वाचीन.