वादळ शेकडो मैल दूर, मग रोडांथीत घर कसं पडलं?

रॅलीकर: ऑगस्ट २०२४ मध्ये अर्नेस्टो चक्रीवादळ दूर बर्म्युडा बेटाकडे होतं, तरी आमच्या अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात रोडांथी गावाला एक घर समुद्रात गेलं. आम्ही मुलांना घेऊन हॅटरसला, म्हणजे रोडांथी ज्या बेटावर आहे तिथे, निघालोय. नुसता वादळाचा मार्ग बघून भागेल का?

दर्यावर्दी: अजिबात नाही! दोन लाटांमधले सेकंद बघा. पंधरा सेकंदांच्या लाटेची हालचाल पावणेदोनशे मीटर खोलीवरच तळाला जाणवू लागते. अशा लाटांचा ताफा ताशी ४० किलोमीटरने येतो, वाटेत जोर फारसा कमी होत नाही. किनाऱ्यावर पाणी एकामागून एक ढकललं जातं, परतायला वेळच मिळत नाही. त्यात भरती असली की संपलंच. ती घरं लाकडी खांबांवर उभी आहेत. खांबांभोवतीची वाळू गेली की घर आधी कलतं.

हॅटरसप्रेमी: ऑगस्ट २०२५ मध्ये एरिन चक्रीवादळ किनाऱ्याला न लागताच गेलं, तरी हायवे १२ वर पाणी आणि वाळू. बेटावरून बाहेर पडायचा रस्ता तोच, म्हणून इशारा मिळाला की लगेच निघा. पडलेल्या घराजवळच्या पुळणीवर मुलांना अनवाणी सोडू नका, खिळे असतात.

रॅलीकर: मनापासून आभार. भरतीच्या वेळा आत्ताच काढतो.