प्रतिसाद: पाकळ्यांची अक्षरं आणि बीजं वेगळी

योगात शरीरातली चक्रं कमळांच्या रूपात मानतात. त्यांबद्दल वर विचारलंय की ‘यं’ हे अनाहत चक्राचं बीज (बीजमंत्र), मग य हे अक्षर स्वाधिष्ठान चक्राच्या पाकळीवर कसं? यात चूक नाही, या दोन वेगळ्या मांडण्या आहेत.

पाकळ्यांवर वर्णमाला वरून खाली उतरते. कंठातल्या विशुद्धावर अ ते अः हे 16 स्वर, अनाहतावर क ते ठ (12), मणिपुरावर ड ते फ (10), स्वाधिष्ठानावर ब ते ल (6), मूलाधारावर व श ष स. उरलेले ह आणि क्ष भुवयांमधल्या आज्ञा चक्रावर. बेरीज बरोबर 50. मराठीतला ळ यात घातलात की गणित लगेच बिघडतं.

बीज मात्र कमळाच्या मधोमध, आणि ते तत्त्वाचं: लं पृथ्वी, वं जल, रं अग्नी, यं वायू, हं आकाश. म्हणून य दोन ठिकाणी दिसतो.

उच्चारातही रोमन लिपी घात करते. ‘लं’साठी लिहिलेलं ‘एल-ए-एम’ वाचून लोक ‘लाम’ म्हणतात. अ ऱ्हस्वच हवा, आणि ओठ मिटल्यावर नाद नाकात घुमत विरायला हवा. शेवटी ‘लम’ असा धक्का दिला की अनुस्वाराचा बिंदू तुटतो, आणि सगळं सूक्ष्म काम तर त्या बिंदूचंच आहे.