शुक्रवारी बंद असलेली शाळा

प्रेषक: डॉक्टरवहिनी (पश्चिम टेक्सास)
रविवार, 28 सप्टेंबर 2025

नमस्कार मंडळी,

दसऱ्याच्या आगाऊ शुभेच्छा. आपल्या मंडळाच्या सचिवांनी यंदाच्या शिक्षण निधीसाठी या मेलयादीवर सूचना मागवल्या आहेत. तो निधी दरवर्षी गावाकडच्या शाळांना जातो, तसाच जावा. मला पैसे नकोत, तुमचा शुक्रवारचा एक तास हवा आहे. का, ते जरा सविस्तर सांगते.

आम्ही लबॉकपासून दीड तासावर, कापसाच्या पट्ट्यात राहतो. व्हिसाच्या अटीप्रमाणे यांना डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करायचं होतं. त्या तीनाची अकरा झाली. मी इथल्या सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. गणिताची शिक्षिका मी एकटीच, त्यामुळे नववीच्या बीजगणितापासून बारावीच्या कॅल्क्युलसपर्यंत सगळं माझ्याकडे. हायस्कूलमध्ये शंभरसुद्धा मुलं नाहीत. फुटबॉलचा संघ अकरा जणांचा उभा राहत नाही, म्हणून आम्ही सहा जणांचं फुटबॉल खेळतो. इकडच्या छोट्या शाळांत ते सर्रास चालतं.

दोन वर्षांपूर्वी आमची शाळा चार दिवसांची झाली. सोमवार ते गुरुवार वर्ग, शुक्रवारी कुलूप. टेक्सासमध्ये 2015 पासून वर्ष दिवसांत न मोजता मिनिटांत मोजतात. 75,600 मिनिटं भरली की झालं. रोज थोडी जास्त वेळ शाळा भरवून ती मिनिटं भरता येतात.

लोकांना वाटतं, एक दिवस शाळा बंद म्हणजे पाचवा हिस्सा पैसा वाचला. तसं होत नाही. पगार तेवढेच राहतात आणि खर्चाचा मोठा भाग पगारांचाच असतो. अशा शाळांचा हिशेब मांडलेल्या एका अहवालात प्रत्यक्ष बचत एकूण खर्चाच्या 0.4 ते 2.5 टक्केच निघाली होती. आम्ही शुक्रवार सोडला तो शिक्षक टिकावेत म्हणून. शहरातल्या स्कूल डिस्ट्रिक्टइतका (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेइतका) पगार देता येत नाही, मग निदान तीन दिवसांची सुट्टी तरी द्यावी.

आमचं बजेट कोणी येऊन कापलं नाही. कपात झाली म्हटलं की कोणीतरी कात्री चालवली असं डोळ्यांसमोर येतं. इथे 2019 साली राज्यानं दर मुलामागची मूळ रक्कम 6,160 डॉलर ठरवली आणि पुढे सहा वर्षं ती तिथेच ठेवली. त्या सहा वर्षांत महागाई वीस टक्क्यांहून जास्त वाढली. बसचं डिझेल महागलं. गारपिटीच्या या पट्ट्यात इमारतीचा विमा तर विचारूच नका. रक्कम तीच आणि शाळा दर वर्षी थोडी थोडी गरीब. आधी बँडचे सर निवृत्त झाले, ती जागा भरली नाही. मग लायब्ररियनबाई आठवड्यातून एकदाच येऊ लागल्या. स्पॅनिशचा वर्ग कॉम्प्युटरवर गेला. बसचे दोन मार्ग एकत्र केले, तेव्हापासून टोकाच्या शेतावरची मुलगी सहा दहाला बसमध्ये बसते. यातला एकही निर्णय पेपरात आला नाही, कारण एकेकटा पाहिला तर प्रत्येक किरकोळ वाटतो.

शुक्रवारी ही मुलं काय करतात? थोरली धाकट्यांना सांभाळतात. काही जण जिनिंगवर कामाला जातात. ज्यांना इंजिनिअरिंगला जायचंय, त्यांना त्या दिवशी गणित विचारायला कोणी नसतं. तुमच्यातल्या निम्म्यांचा दिवस गणितातच जातो. व्हिडिओवर एक तास द्याल का?

आपली,
डॉक्टरवहिनी

---

प्रेषक: एक सभासद, डॅलसच्या उत्तरेहून
सोमवार, 29 सप्टेंबर

वहिनी, नमस्कार.

मेल मनापासून वाचला. तासाला माझी ना नाही, माझं नाव लिहून घ्या. पण काही प्रश्न आहेत, मोकळेपणानं विचारतो.

आमच्या डिस्ट्रिक्टमध्येही मुलं कमी झाली म्हणून शाळा बंद होताहेत. त्याच वेळी आमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून दर वर्षी मोठी रक्कम 'रॉबिन हूड'मध्ये, म्हणजे राज्य श्रीमंत डिस्ट्रिक्टकडून घेतं त्या वाट्यात, जाते. ती तुमच्यासारख्या डिस्ट्रिक्टलाच मिळते ना? मग तरीही ही पाळी का? दुसरं, शंभर मुलांचं हायस्कूल चालवण्यापेक्षा शेजारच्या दोन-तीन डिस्ट्रिक्टनी एकत्र का येऊ नये? एक सुपरिंटेंडेंट, एक ऑफिस, एक कॅल्क्युलसचा वर्ग. तिसरं, याच वर्षी विधिमंडळानं शिक्षणासाठी साडेआठ अब्ज डॉलर मंजूर केले. त्यानं काहीच फरक पडला नाही?

---

प्रेषक: काका, सॅन अँटोनियो
सोमवार, 29 सप्टेंबर, रात्री

मंडळी,

रॉबिन हूडचा विषय निघाला म्हणून लिहितो. त्याची सुरुवात माझ्याच शहरातली आहे. 1968 च्या मे महिन्यात इथल्या एजवूड भागातली हायस्कूलची मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. मोडक्या इमारती आणि अपुरे शिक्षक हे त्यांचं गाऱ्हाणं. त्या भागातल्या पालकांपैकी डेमेट्रिओ रॉड्रिगेझ हे केली हवाई तळावर पत्राकाम करणारे कामगार. त्यांनी आणि इतर पालकांनी खटला भरला. त्या खटल्यातले आकडे मला तोंडपाठ आहेत. एजवूडची माणसं मालमत्तेच्या 100 डॉलरमागे 1.05 डॉलर कर भरत आणि त्यातून दर मुलामागे 26 डॉलर जमत. शेजारचं श्रीमंत अलामो हाइट्स 85 सेंट भरे आणि दर मुलामागे 333 डॉलर जमवी. गरीब माणूस जास्त दरानं कर भरून श्रीमंताच्या बाराव्या हिश्श्याहूनही कमी मिळवत होता.

1973 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार मतांनी पालक हरले. पण लढा थांबला नाही. 1989 साली टेक्सासच्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं ही पद्धत राज्यघटनेविरुद्ध ठरवली आणि 1993 मध्ये श्रीमंत डिस्ट्रिक्टकडून वाटा घ्यायचा कायदा आला. दादा, कर भरताना जीवावर येतं, ते मलाही कळतं. पण या कायद्यामागे पंचवीस वर्षांची वणवण आहे, एवढं लक्षात असावं.

शाळा एकत्र करण्याबद्दल. माझे वडील साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. महाराष्ट्रात 2023 पासून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करायचं चाललंय. अशा शाळा पंधरा हजारांच्या घरात आहेत. कागदावर ते शहाणपणाचं दिसतं. पण शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असं उगाच म्हटलेलं नाही. वडील सांगत, शाळा ओढ्यापलीकडे गेली की आधी मुली घरी बसतात. वस्तीवरचा पट पाचाचा झाला तरी ते नेमानं घंटा द्यायचे.

मी आता 74 वर्षांचा आहे. कॅल्क्युलस विसरलो नसेन, अशी आशा आहे. शुक्रवार दुपार माझी मोकळीच असते.

काका

---

प्रेषक: डॉक्टरवहिनी
मंगळवार, 30 सप्टेंबर

काका, दोनदा वाचलं. गुरुजींच्या घंटेचं मी उद्या वर्गात सांगणार आहे.

दादा, तुमचे प्रश्न रास्त आहेत.

श्रीमंत डिस्ट्रिक्टकडून घेतलेला वाटा आमच्या नावाच्या पाकिटात येत नाही. तो राज्याच्या शालेय निधीत जातो आणि त्यामुळे राज्याला स्वतःच्या तिजोरीतून तेवढं कमी घालावं लागतं. आमची रक्कम सूत्रानं ठरते. तुमच्याकडून जास्त आलं म्हणून आमची वाढत नाही. इथल्या जमिनीचे भाव वाढले, तर राज्य आपला वाटा तेवढा कमी करतं. तुम्हाला वाटतं तुमचे पैसे आमच्याकडे आले आणि आमच्या गावाला वाटतं शहरांनी सगळं नेलं. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत राहिलो, तोवर सहा वर्षं 6,160 चा आकडा तसाच राहिला.

त्यात पैसे मिळतात हजेरीवर. पटावर किती मुलं आहेत, यावर नाही. फ्लूची साथ आली आणि आठवडाभर वर्ग रिकामे राहिले, तरी बस सुटतेच, शिक्षिका येतेच, दिवे लागतातच. मिळणारी रक्कम मात्र कमी होते. मोठ्या शाळेत हे सरासरीत विरून जातं. आमच्याकडे एका मोठ्या कुटुंबानं गाव सोडलं तरी बजेटला धक्का बसतो.

साडेआठ अब्जांचं म्हणाल, तर फरक पडला आणि तो मी नाकारणार नाही. पाच हजारांपर्यंत मुलं असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये पाच किंवा त्याहून जास्त वर्षांच्या अनुभवाच्या शिक्षकाला 8,000 डॉलरची वाढ मिळाली. मलाही मिळाली. शाळेतल्या माझ्या मैत्रिणीनं शनिवारची दुकानातली नोकरी सोडली. पण हा बहुतेक पैसा कशावर खर्चायचा, ते आधीच ठरवून दिलेलं आहे. विमा, वीज अशा खर्चासाठी वेगळी रक्कम आहे, ती मुलामागे 106 डॉलर. आणि जी मूळ रक्कम शाळा स्वतःच्या गरजेनुसार वापरू शकते, ती वाढली फक्त 55 डॉलरनं.

सगळ्यात जास्त दुःख मला 2023 चं आहे. त्या वर्षी राज्याकडे 32 अब्ज डॉलरहून जास्त शिल्लक होती. मूळ रक्कम वाढवायचं विधेयक होतं, पण ते खासगी शाळांच्या व्हाउचरशी, म्हणजे खासगी शाळेसाठी पालकांना सरकारी पैसा देण्याशी, बांधलेलं होतं. 17 नोव्हेंबरला ग्रामीण भागातल्या रिपब्लिकन आमदारांनी विरोधकांबरोबर मत देऊन 84 विरुद्ध 63 मतांनी व्हाउचर काढून टाकलं. विधेयकच बारगळलं आणि आमची वाढही गेली. मी त्या आमदारांना दोष देत नाही. सगळ्यात जवळची खासगी शाळा आमच्यापासून साठ मैलांवर आहे. व्हाउचर घेऊन आमचं मूल जाणार कुठे? यंदा तो कायदा झाला आहे, एक अब्ज डॉलरचा. पुढच्या वर्षी सुरू होईल.

त्याच 2023 मध्ये प्रत्येक शाळेत सशस्त्र रक्षक सक्तीचा झाला. युवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारानंतर त्याला कोण नाही म्हणेल? पण राज्यानं त्यासाठी शाळेमागे दिले 15,000 डॉलर आणि मुलामागे 10. एवढ्यात वर्षभराचा माणूस मिळत नाही. यंदा रक्कम वाढवली, पण मधल्या दोन वर्षांचा फरक आम्ही पुस्तकांच्या पैशांतून भरला.

या जुलैत तर केंद्राचाच निधी अडला. 1 तारखेला मिळायचे होते ते देशभराचे सहा अब्जांहून जास्त डॉलर रोखले गेले आणि महिना सरता सरता सोडले. आमच्याकडे त्यातून इंग्रजी नवीन शिकणाऱ्या मुलांसाठी बाई यायच्या. पैसे नक्की नव्हते, म्हणून त्यांचं नेमणुकीचं पत्र निघालं नाही आणि त्या दुसरीकडे रुजू झाल्या. महिनाभराच्या उशिरानं आमचं वर्ष गेलं.

गेल्या आठवड्यात एच-वन-बी व्हिसाच्या एक लाख डॉलर फीवर इथे पुष्कळ मेल आले, सगळे आयटीच्या नोकऱ्यांबद्दल. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई फिलिपिन्सहून आलेल्या आहेत. खेड्यातल्या कितीतरी डिस्ट्रिक्टना गणित-विज्ञानाचे शिक्षक तिकडूनच मिळतात. त्या गेल्या तर त्यांच्या जागी बाहेरून नवीन माणूस आणायला ही शाळा एक लाख डॉलर कुठून देणार? शिक्षिकेचा वर्षाचा पगार त्याहून बराच कमी आहे.

राहिलं एकत्रीकरण. ऑफिस एक करायला माझी हरकत नाही. हिशेब, बसची दुरुस्ती, विम्याची बोलणी शेजारच्यांबरोबर करता येतील आणि करावीत, असं मी बोर्डाच्या बैठकीत उभं राहून सांगितलंय. पण शाळा हलली तर सहा दहाला बसमध्ये बसणारी ती मुलगी साडेपाचला बसेल. आमच्या गावात किराणा दुकान बंद झालं, बँकेची शाखा गेली. वादळाचा भोंगा वाजला की लोक शाळेच्या जिममध्ये येतात. लग्नं, श्रद्धांजलीच्या सभा, लसीकरण, सगळं तिथेच होतं. यांच्या दवाखान्यात नर्स टिकते तीही गावात मुलांना शाळा आहे म्हणून.

4 नोव्हेंबरला आमच्याकडे मतदान आहे. शाळेचा कर 100 डॉलरमागे 3 सेंटनं वाढवायचा की नाही, एवढाच प्रश्न. घर 1,60,000 डॉलरचं असेल, तर राहत्या घराला मिळणारी करसूट वजा जाता वर्षाला 18 डॉलर. ही सूट वाढवायची घटनादुरुस्ती राज्याच्या मतपत्रिकेवर आहे, ती त्याच दिवशी मंजूर झाली, तर सहाच डॉलर. पासष्टी उलटलेल्यांच्या राहत्या घराचा शाळेचा कर गोठवलेला असतो, तो वाढणार नाही. तरी लोक घाबरलेत, कारण यंदा कापसाला भाव नाही. मी घरोघर फिरतेय. परवा एका शेतकऱ्यानं अंगणात खुर्ची टाकून माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, माझ्या नातवाला तूच भागाकार शिकवलास, मी मत देईन, पण पुढच्या वर्षी पुन्हा मागायला येऊ नकोस. येणार नाही असं वचन मला देता आलं नाही.

---

प्रेषक: सचिव
बुधवार, 1 ऑक्टोबर

मंडळी,

वहिनींच्या शुक्रवारच्या तासासाठी कालपर्यंत नऊ नावं आली. काका आणि डॅलसचे दादा त्यात आहेत. दोघी कॉलेजच्या मुलीही आहेत, त्या इथेच शाळा शिकल्या असल्यानं त्यांना इथला अभ्यासक्रम नीट ठाऊक आहे. मुलांशी बोलायचं म्हणजे डिस्ट्रिक्टकडून प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासणी होईल. त्याचा फॉर्म वहिनी पाठवतील, रविवारपर्यंत भरून द्या.

या यादीवर उमेदवारांचा प्रचार नको, हा आपला नियम आहेच. मतदार नोंदणीची शेवटची तारीख सोमवार, 6 ऑक्टोबर आहे आणि आधी मतदान करायचं असेल, तर 20 ते 31 ऑक्टोबर. त्याच दिवसांत दिवाळी येते, तेव्हा आपापलं आधीच ठरवा.

वहिनी, एक विचारायचं राहिलं. शुक्रवारी शाळेला कुलूप, मग ज्यांच्या घरी इंटरनेट नाही ती मुलं बसणार कुठे?

---

प्रेषक: डॉक्टरवहिनी
बुधवार, 1 ऑक्टोबर, रात्री

दवाखान्याच्या प्रतीक्षालयात. शुक्रवारी दुपारी दोननंतर पेशंट नसतात, यांना विचारलंय. खुर्च्या चौदा आहेत आणि मुलं आत्तापर्यंत अकरा. 10 तारखेला, दोन वाजता सुरू करू. काका, पहिल्या दिवशी तुम्ही घ्या, अपूर्णांकांपासून.