आठवीच्या पोरांना हृदयाचे कप्पे कशाला? (उत्तर लांबलंय)

विज्ञानवाली : परवा इथे एकांनी लिहिलं, "ज्याला डॉक्टर व्हायचंय त्याने शिकावं. बाकीच्यांना हृदयाचे कप्पे आणि रक्तपेशींची संख्या कशाला? त्यापेक्षा प्रथमोपचार शिकवा." बावीस वर्षं विज्ञान शिकवतेय, गप्प बसवेना. प्रथमोपचार हवेतच. पण छाती दाबताना आत काय दाबलं जातंय हे ठाऊक नसलं, तर हात कुठे ठेवायचा हेही पोरं दोन महिन्यांत विसरतात.

मी दरवर्षी खाटकाकडून बोकडाचं हृदय आणते. उभं कापलं की पोरं आपणहून म्हणतात, "बाई, डावी बाजू केवढी जाड!" उजवीला रक्त शेजारच्या फुप्फुसांत ढकलायचं असतं, डावीला पार पायाच्या अंगठ्यापर्यंत. मग फळ्यावर गुणाकार : एका ठोक्याला साधारण ७० मिली, मिनिटाला ७२ ठोके. पाच लीटर! म्हणजे अंगातलं जवळजवळ सगळं रक्त मिनिटाला एक फेरी मारून येतं. हे घोकावं लागत नाही.

सांगलीचा अण्णा : ती पोस्ट माझीच. बाई, तुमचा वर्ग निराळा. माझ्या मुलीकडून 'लोहित रक्तकणिका, घनमिलिमीटरला ५० ते ६० लाख' घोकून घेतलं, परीक्षेत तेवढंच विचारलं. गुण पैकीच्या पैकी. त्याच मुलीचं हिमोग्लोबिन, म्हणजे त्याच तांबड्या पेशींतलं लोहयुक्त द्रव्य, कमी, ८ निघालं, तेव्हा ते कशाने वाढतं हे तिला सांगता येईना. सांगा, काय शिकली ती?

निशिगंध : 'लोहित रक्तकणिका' वाचूनच डोकं फिरलं. दहावीपर्यंत यकृत, प्लीहा, वृक्क. अकरावीला तेच सगळं लिव्हर, स्प्लीन, किडनी म्हणून पहिल्यापासून. माझं अर्धं वर्ष त्यात गेलं. सोडा आता हा हट्ट.

देशपांडे काका : हट्ट कसला? 'श्वासपटल' म्हटल्याबरोबर काम कळतं. 'डायफ्राम' म्हणून पोराला काय कळतं? मराठीची लाज वाटते असं सरळ म्हणा.

निशिगंध : लाज काढू नका, काका. माझे वडील गवंडी. आमच्या घरात इंग्रजी शब्द पहिल्यांदा आला तो माझ्या वह्यांतून, आणि अकरावीच्या वर्गात मागच्या बाकावर मान खाली घालून बसलो तो मी. तुम्ही नव्हतात तिथे.

वॉर्डातली ताई : दोघेही थांबा. स्वादुपिंडाला सूज आलेल्या आजींना ना 'पॅनक्रियाज' कळतं, ना 'स्वादुपिंड'. माझ्याच पोटावर हात ठेवून दाखवते, "जठराच्या मागे, इथे." 'काळीज' घ्या. मटणाच्या दुकानात कलेजी म्हणजे यकृत, आणि पेशंट 'काळजात कळ' म्हणतो तेव्हा बोट छातीवर. आम्ही शब्द ऐकतो, पण बोट बघतो. जागा आणि काम शिकवा, नाव कुठलंही चालेल.

देशपांडे काका : नाव कुठलंही चालत नाही. पण जागा दाखवायला हवी, एवढं मान्य.

मीरा, चिपळूण : शब्दांवर भांडताय, मी माझं सांगते. सासऱ्यांचा जबडा आणि डावा हात दुखायला लागला. पित्त समजून सोडा दिला, पाठ चोळत बसलो. दोन तास गेले, आणि तेही गेले. हृदयाकडून आणि हाताकडून येणारे चेतातंतू मेरुरज्जूत, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या चेतांच्या दोरीत, जवळपास एकाच पातळीवर शिरतात, म्हणून दुखणं हृदयाचं असलं तरी मेंदूला ते हातातलं वाटतं. हे मला नंतर समजलं. शाळेत चेतासंस्था एका धड्यात, रक्ताभिसरण दुसऱ्यात. दोन्हींत मला चांगले गुण होते. त्यांची गाठ कुणी घालून दिली नाही.

सांगलीचा अण्णा : मीराताई, वाचून गलबललं. ठीक आहे, कप्पे राहू देत, चेतासंस्थाही राहू दे. पण त्या ५० लाखांवरून मी हटणार नाही.

विज्ञानवाली : हटू नका. तो आकडा मीही कधी विचारत नाही. मुलीला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या चहाबरोबर देऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. जेवणात लिंबू पिळा. आणि आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून गोळ्या थांबवू नका. नव्या पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, तयार व्हायला वेळ लागतो. तिलाच सांगा कुठे तयार होतात ते, बरगडीवर हात ठेवून.