डॉक्टरांच्या कागदावर ‘टिनिया इन्कॉग्निटो’ लिहिलंय, सासूबाईंना कसं समजावू?

रेवा_जयसिंगपूर:
सासूबाई ६४ वर्षांच्या. पावसाळ्यात कमरेवर, परकराची नाडी बसते तिथे, लाल गोल चट्टा उठला. गजकर्ण आहे म्हणून शेजारणीने ट्यूबचं नाव सांगितलं. मेडिकलमध्ये कुणी चिठ्ठी मागितली नाही. लावली की खाज बंद, लाली गायब. बंद केली की पुन्हा हजर. असं करत दिवाळी गाठली. आता पोट, जांघा, मांड्या सगळीकडे पसरलंय आणि एका कड्याच्या आत दुसरं कडं दिसतं. जांघेत गुलाबी-जांभळट रेघाही उमटल्यात.

काल त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. कागदावर लिहिलंय: ‘टिनिया कॉर्पोरिस, क्रुरिस, इन्कॉग्निटो. केओएच पॉझिटिव्ह.’ इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आणि ल्युलिकोनॅझोल मलम ही बुरशीची औषधं दिलीत, आणि ती ट्यूब आजपासून बंद. सासूबाई अडून बसल्यात, “जिने आराम पडतो तीच बंद करायला सांगतो, हा कसला डॉक्टर?” त्या शब्दांचा अर्थ काय, आणि रेघा जातील का?

मीना_फार्मासिस्ट:
रेवाताई, आधी त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेटासोन यांपैकी काहीतरी सापडेल. ही स्टिरॉइडं. क्लोबेटासोल तर मलमांमधल्या सगळ्यात जालीम वर्गातलं. सोबत थोडं बुरशीचं औषध आणि एखादं अँटिबायोटिक कालवलेलं असतं.

टिनिया म्हणजे आपलं गजकर्ण, कातडीला बुरशीने होणारा आजार. काही घरांत नायटा म्हणतात. पुढचा शब्द फक्त जागा सांगतो: कॉर्पोरिस अंगावर, क्रुरिस जांघेत. डोक्यात झालं तर कॅपिटिस, पायाच्या बोटांत पेडिस, नखांत उंग्वियम. इन्कॉग्निटो म्हणजे ओळख लपवलेलं. स्टिरॉइड लावून लावून ज्याचा चेहरामोहरा बदलला अशा गजकर्णासाठी हे नाव १९६८ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी वापरलं. कड्यात कडं दिसतं ती त्याचीच खूण.

सासूबाईंना असं सांगा. बुरशी कातडीत घुसली की शरीर तिच्याशी झुंजतं. लाली आणि खाज त्या झुंजीची. स्टिरॉइड बुरशीला मारत नाही, झुंजच थांबवतं. म्हणून आराम वाटतो आणि तेवढ्या वेळात बुरशी बिनविरोध पसरते. ट्यूब बंद केल्यावर सुरुवातीला खाज उलट वाढेल, हे त्यांना आजच सांगून ठेवा. नाहीतर दोन रात्रींत त्या ट्यूब पुन्हा हातात घेतील. खाज सोसवत नसेल तर डॉक्टर वेगळी गोळी देतात, ती मागून घ्या.

रेघांचं खरं तेच सांगते. त्या स्टिरॉइडनेच उमटल्यात. त्यांचा रंग फिका पडेल, पण खुणा राहतात. म्हणूनच मला या ट्यूबांचा मनापासून राग आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी काउंटरवर “खाजेचं मलम द्या” ऐकायला येतंच. त्या एका खाजेत किती आजार असतात! खरूज असेल तर पर्मेथ्रिन मलम गळ्यापासून तळपायापर्यंत रात्रभर, घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी. नागीण असेल तर असायक्लोव्हिरसारख्या गोळ्या, शक्यतो पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत. इसबाला मात्र स्टिरॉइड खरोखर लागतं, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस. औषध वाईट नाही, गजकर्णावर लावणं वाईट.

वाटसरू_पुणे:
केओएच चाचणीबद्दल थोडं. माझ्या वडिलांची केली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. डॉक्टरांनी बोथट पात्याने चट्ट्याच्या कडेचे पापुद्रे खरवडून काचपट्टीवर घेतले, कारण बुरशी कडेलाच ताजी असते. वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून वेळ जाऊ दिला. कातडीच्या पेशी विरघळल्या, आणि सूक्ष्मदर्शकात डोळा लावल्यावर मला फांद्या फुटलेले लांब पारदर्शक धागे दिसले, तीच बुरशी. त्यांना तोवर दोन ठिकाणी सोरायसिस सांगितलं होतं.

नंतर टर्बिनाफिन या बुरशीवरच्या गोळीनेही गुण येईना. हल्ली भारतात पसरलेली ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी, तिला हे नाव २०२० मध्ये मिळालं, बऱ्याचदा त्या गोळीला दाद देत नाही. इट्राकोनॅझोलने उतार पडला, पण वेळ लागला.

कोकणकन्या:
घरात आणखी कुणाला आहे का बघा. आमच्याकडे दिराचं बरं व्हायचं आणि परत यायचं. धाकट्या पुतण्याच्या मांडीवर होतं, ते लाजून सांगत नव्हतं पोर. सगळ्यांनी एकदम औषध केलं तेव्हा थांबलं. टॉवेल वेगळे, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून कडक उन्हात. दिरांचा करदोटाही डॉक्टरांनी काढायला लावला, ओलसर दोऱ्यात बुरशी टिकून राहते म्हणे. सासूबाईंच्या परकराची नाडी रोज बदला आणि घट्ट बांधू देऊ नका.

रेवा_जयसिंगपूर:
मीनाताई, ट्यूबवर क्लोबेटासोलच निघालं. ती मी टाकून दिली. नणंदेच्या मुलीच्या पाठीवरही एक चट्टा आहे, तिला उद्या नेते. एक राहिलं: सासूबाई रोज सकाळी आम्लपित्ताची पँटोप्राझोल गोळी घेतात. ती चालू ठेवायची का?

मीना_फार्मासिस्ट:
बरं झालं विचारलंत. इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल अंगी लागायला पोटात आम्ल लागतं. पँटोप्राझोलने ते कमी होतं आणि औषध नीट शोषलं जात नाही. परस्पर काही बंद करू नका, आज फोन करून डॉक्टरांना विचारा. कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन चालू असेल, हृदय कमजोर असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर तेही त्याच फोनवर सांगा. सिम्व्हास्टॅटिन याच्यासोबत अजिबात चालत नाही. कॅप्सूल भरल्या पोटी, पूर्ण जेवणानंतर लगेच द्या. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा. चट्टे दिसेनासे झाले तरी डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत दोन्ही चालू ठेवा.