रुबिनसारख्या दुर्बिणी आल्यावर गच्चीवरच्या दुर्बिणीला काय काम उरलं?

रंकाळाकाठ
माझ्याकडे सहा इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आहे. गुरू, शनी मस्त दिसतात, पण आसपास एलईडी दिवे वाढल्यापासून देवयानी दीर्घिका शोधताना जीव मेटाकुटीला येतो. त्यात लेकीनं चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेबद्दल वाचलं. ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, एका रात्रीत सुमारे २० टेराबाइट डेटा. म्हणाली, "पप्पा, मग आपण शोधायचं काय?" दहावीत आहे. नुसतं बघण्यात तिला रस नाही, उपयोगी पडेल असं काम करायचंय. कोल्हापुरात राहून जमेल का?

गडकरी_पन्हाळा
अमावास्येच्या आसपास मसाई पठारावर घेऊन या तिला. आधी आभाळ बघू दे, बाकीचं नंतर.

भौतिकच्या_बाई
जमेल, आणि गच्चीवरूनच. रुबिनचा कॅमेरा अंधुक ताऱ्यांसाठी बांधलाय. नुसत्या डोळ्यांना दिसणारा तारा समोर आला की पिक्सेल भरून जातात, तेज मोजताच येत नाही. म्हणजे तेजस्वी ताऱ्यांवर लक्ष ठेवणं आपल्याकडेच राहिलं. २०१९च्या अखेरीस मृगातला काक्षी हा तारा मंदावायला लागला आणि फेब्रुवारी २०२०मध्ये १.६ प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक) उतरला, तेव्हा जगभरच्या हौशी लोकांनी रात्रंदिवस नोंदी पाठवल्या. एएव्हीएसओ ही तेज बदलणाऱ्या ताऱ्यांची निरीक्षणं करणाऱ्यांची अमेरिकन संस्था १९११ पासून अशा नोंदी गोळा करते. तुमची लेकही पाठवू शकते.

दिव्यांचा त्रास खरा आहे. पण फोटोत ताऱ्याभोवतीचं आभाळ किती उजळलंय ते मोजून वजा करता येतं, डोळ्याला ते जमत नाही. जुन्या फोटोग्राफिक काचेवर शंभरातले एक-दोन प्रकाशकण नोंदले जायचे, आजच्या चांगल्या सेन्सरवर निम्म्याहून जास्त. माझ्या मते मोठ्या आरशांपेक्षा हा बदल मोठा, कारण तो आपल्या घरात आला.

डीएसएलआर कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, फोकस किंचित सैल ठेवा म्हणजे तारा बऱ्याच पिक्सेलवर पसरतो. रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेले) फोटो काढा आणि मोजताना हिरवे पिक्सेल घ्या. सुरुवात ययातीतल्या अल्गोलपासून करा. एरवी २.१ प्रतीचा हा तारा दर दोन दिवस २१ तासांनी ३.४ पर्यंत मंदावतो, कारण त्याचा अंधुक जोडीदार आड येतो.

रंकाळाकाठ
बाई, डीएसएलआर नाही. आणि पावसाळ्यात चार महिने आभाळच नसतं, तेव्हा काय करू?

भौतिकच्या_बाई
अल्गोलला डोळेही चालतात. देवयानीतला अलमाक २.१ चा आणि ययातीतला एप्सिलॉन २.९ चा, त्या दोघांशी ताडून दर अर्ध्या तासानं वहीत अंदाज लिहायला लावा. मंदावण्याच्या वेळा नेटवर मिळतात. ग्रहण सुरुवातीपासून शेवटपर्यंत दहाएक तासांचं, त्यामुळे एका संध्याकाळी निम्मंच हाती लागेल. पावसाळ्यात झूनिव्हर्सवर बसवा, या वेबसाइटवर सामान्य लोक शास्त्रज्ञांचा डेटा तपासायला मदत करतात. त्यातलं गॅलेक्सी झू २००७ मध्ये सुरू झालं, तिथं दीर्घिकांचे आकार माणसांनीच ओळखून दिलेत. डिसेंबरात ययाती संध्याकाळीच वर येतो. तोवर तिला नकाशावर त्याचे तारे ओळखायला शिकवा.